शेवटी बदललं कोण? : वेगळेपणाची चित्रपुस्तकं निवडताना

एका आईने विचारलं आहे. मुलगी साडेसहा वर्षांची, मराठी शाळेत पहिलीत. वर्षभरापूर्वी तिच्या ओठाजवळ आणि दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग आले. उपचार चालू आहेत. पण शाळेत दोघी-तिघी मैत्रिणी डबा खाताना तिच्याशेजारी बसेनाशा झाल्या, खेळताना हात धरेनाशा झाल्या. वर्गाच्या बाई मायाळू आहेत. त्या म्हणाल्या, "‘वेगळं असणं छान असतं’ असं सांगणारं एखादं चित्रांचं पुस्तक आणून द्या, मी वर्गात वाचून दाखवते." घरी मात्र असं पुस्तक आणलं की मुलगी विचारते, "हे माझ्याबद्दल आहे का?" आणि ते मिटून ठेवते. तर कोणती पुस्तकं घ्यावीत?

मी गेली १९ वर्षं लहान मुलांचं वाचनालय चालवते आणि गोष्टींचा तास घेते. पुस्तकांची नावं पुढे देतेच. पण तुमच्या लेकीने जो प्रश्न विचारला, तो मला फार नेमका वाटतो. पुस्तक कोणासाठी आणलंय, हे तिला कव्हरवरूनच कळतं. तिला ते औषधासारखं दिलं जातंय, हेही कळतं. आणि तिच्या मनात येत असणार की हात मैत्रिणींनी सोडला, मग औषध मला का?

इथे खरं तर दोन वेगळी कामं आहेत. एक तिचं, एक वर्गाचं. दोन्हींसाठी एकच पुस्तक शोधायला गेलात तर बहुधा दोन्ही कामं बिघडतात. अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांबद्दल एक गोष्ट मांडली, ती आमच्या कामात रोज उपयोगी पडते. काही पुस्तकं आरशासारखी असतात, मूल त्यांत स्वतःला बघतं. काही खिडकीसारखी असतात, त्यांतून दुसऱ्याचं जग दिसतं. आणि काही सरकत्या काचेच्या दारासारखी असतात, त्यांतून आत शिरता येतं. तुमच्या लेकीला आरसा हवा आहे, वर्गाला खिडकी. आरसा म्हणजे डाग दाखवणाराच हवा असं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुलगी स्वभावाने बोलकी आहे की मिटलेली, डागांविषयी घरात मोकळेपणाने बोललं जातं की पाहुणे आले की विषय बदलला जातो, वर्गात तीस मुलं आहेत की साठ, बाईंना गोष्ट वाचायची सवय आहे की त्या ‘तात्पर्य’ सांगितल्याशिवाय थांबत नाहीत. यातलं मला काहीच माहीत नाही. म्हणून पुस्तक निवडायची माझी कसोटीच सांगते. ती कुठेही लावता येईल, दुकानात उभ्याउभ्यासुद्धा.

पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं आणि स्वतःला विचारायचं, शेवटी बदललं कोण?

ही कसोटी मला एका मुलाने शिकवली. ‘कुरूप वेडे पिल्लू’ आपल्या सगळ्यांच्या ओठांवर आहे ते गदिमांच्या गाण्यामुळे आणि आशाबाईंच्या आवाजामुळे. मूळ गोष्ट डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसनची, १८४३ सालची. वाचनालय सुरू करून दोनएक वर्षं झाली असतील, तेव्हा मी ती मोठ्या उमाळ्याने वाचून दाखवली. पहिल्या रांगेत एक मुलगा होता, डोळ्याने तिरळा. मुलं त्याला चिडवायची आणि खरं सांगायचं तर गोष्ट मी त्याच्यासाठीच निवडली होती. पिल्लाला पाण्यात आपलं राजहंसाचं रूप दिसलं, मी पुस्तक मिटलं. तो म्हणाला, "आणि ते खरंच बदक असतं तर?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही त्या गोष्टीतून देता येत नाही. कारण त्या गोष्टीत तळ्यावरचं कुणीच सुधारत नाही. चोची मारणारे मारतच राहतात. पिल्लू सुटतं ते सुंदर निघालं म्हणून, आणि आपल्यासारखेच दिसणारे भेटले म्हणून. एकटं पडलेल्या मुलाला त्यातून आशा मिळते हे खरं, आणि साहित्य म्हणून ती गोष्ट मोठीच आहे. पण डाग जातील की नाही हे कुणालाच सांगता येत नाही अशा मुलीला आपण ती गोष्ट ‘धीर’ म्हणून देतो, तेव्हा तिच्या कानावर पडतं ते एवढंच की तू एक दिवस बदलशील, मग सगळे तुझ्याशी नीट वागतील.

दुसरा प्रकार त्याहून जास्त आढळतो. वेगळं मूल शेवटी कामाला येतं, म्हणून त्याला कळपात घेतलं जातं. सांताक्लॉजची गाडी ओढणाऱ्या, चमकत्या लाल नाकाच्या रेनडियरची नाताळातली गोष्ट अशीच. धुकं पडेपर्यंत त्याला सगळे हसतात, उजेडाची गरज लागल्यावर डोक्यावर घेतात. मार्कुस फिस्टर यांचं झगमगत्या खवल्यांच्या माशाचं पुस्तक १९९२ साली आलं आणि जगभर गाजलं. ‘वेगळेपणा’च्या याद्यांत ते हमखास असतं. त्यात तो मासा आपले चमकते खवले एकेक करून वाटून टाकतो, तेव्हा कुठे त्याला मित्र मिळतात. वाटून घ्यावं ही शिकवण लेखकाला द्यायची होती, ती त्यात आहे. पण स्वतःच्या अंगावरचं काढून दिल्यावर दोस्ती मिळते, हे चित्र मला सहा वर्षांच्या मुलीपुढे ठेवायचं नाही.

आता कसोटीला उतरणारी.

मन्रो लीफ यांनी लिहिलेली आणि रॉबर्ट लॉसन यांनी चितारलेली फर्डिनांड बैलाची गोष्ट १९३६ सालची आहे. स्पेनमधले सगळे गोऱ्हे ढुशा देतात, उड्या मारतात, माद्रिदच्या रिंगणात झुंजायला जायची स्वप्नं बघतात. फर्डिनांडला झाडाखाली बसून फुलांचा वास घ्यायला आवडतं. गाय-आईला काळजी वाटते, हा एकटा तर पडला नाही ना? ती त्याला विचारते. तो सांगतो, मला इथेच बरं वाटतं. तिला दिसतं की हा खरंच एकटेपणाने कष्टी नाही, आणि ती त्याला तसाच बसू देते. पुढे एका मधमाशीमुळे घोटाळा होतो, तो रिंगणात पोचतो, आणि तिथेही बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत बसून राहतो. शेवटी त्याला घरी आणून सोडतात. तो कुणाच्या उपयोगी पडत नाही, शूर निघत नाही, बदलत नाही. मराठी मुलांना बैल सांगावा लागत नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आठवड्यात हे पुस्तक मी दरवर्षी काढते, इंग्रजी पान समोर धरून मराठीत सांगते. माझ्या मते हे मुलांइतकंच पालकांसाठी आहे. त्या गाईचं पान तुम्ही एकट्या असताना एकदा वाचा.

डेव्हिड मॅकी यांचा एल्मर (पहिल्यांदा १९६८, आज मिळतं ते रूप १९८९चं) तुम्हाला बऱ्याच याद्यांत भेटेल. ठिगळांच्या गोधडीसारखा रंगीबेरंगी हत्ती, बाकी सगळा कळप करडा. कंटाळून तो करड्या बोरांत लोळतो आणि इतरांसारखा होतो. मग त्याला दिसतं की आपण नसलो की कळप किती गंभीर उभा राहतो. पाऊस पडतो, रंग धुतला जातो, आणि हत्ती ठरवतात की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी अंग रंगवायचं. इथे कळप हलतो, निदान एक दिवस तरी. म्हणून मी ते ठेवते. पण एल्मर सगळ्यांना हसवणारा आहे, लाडका आहे. तुमची मुलगी अबोल असेल, तर ‘वेगळ्याने सगळ्यांची करमणूक करावी’ असा अर्थ तिच्या मनात बसू शकतो. असं मी एका मुलात पाहिलं आहे. तो तोतरं बोलायचा आणि ते मुद्दाम वाढवून सगळ्यांना हसवायला लागला. त्याला काही दिवस मी एल्मर दिला नाही.

वर्गासाठी माझी पहिली निवड मात्र चुस्कितची गोष्ट. पुण्याच्या कल्पवृक्ष संस्थेच्या सुजाता पद्मनाभन यांनी लिहिलेली, प्रथम बुक्सने भारतीय भाषांत आणलेली. लडाखमधली मुलगी, चाकाच्या खुर्चीत बसणारी. शाळेत जायची तिची इच्छा, पण वाट खडबडीत आणि मध्ये ओढा. अब्दुल नावाचा मुलगा हा प्रश्न शाळेत नेतो, आणि मुलं नि मोठी माणसं मिळून वाट सपाट करतात, ओढ्यावर साकव टाकतात. बदललं कोण? रस्ता बदलला. चुस्कित होती तशीच आहे, तिच्यात दुरुस्त करायचं काही नव्हतंच.

मुलं या गोष्टीतून काय उचलतात ते सांगते. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा दया, समानता असला एकही शब्द उच्चारला नाही. मुलं बराच वेळ साकव कसा बांधतात यावरच बोलत होती. मग एक मुलगी म्हणाली, "आपल्या वाचनालयाला तीन पायऱ्या आहेत." दुसरा म्हणाला, "म्हणूनच हिचे आजोबा खालीच उभे राहतात." नऊ वर्षं मी त्या पायऱ्या चढत होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या महिन्यात सुताराकडून लाकडी उतार करून घेतला. आजोबा आत येऊन वर्तमानपत्र वाचू लागले.

चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची दोन पुस्तकं आवर्जून बघा. तूलिका १९९६ पासून मुलांसाठी काम करते आहे आणि त्यांची बरीच पुस्तकं मराठीतही निघतात. एक शीला धीर यांचं ‘माझा हात धरायला का घाबरता?’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेलं मूल त्यात बोलतं, आणि लोक त्याच्याकडे बघताना काय काय विचार करतात ते समोर येतं. दुसरं तारिणी विश्वनाथ यांचं हरवलेलं मांजर शोधणाऱ्या डिप डिपचं, चित्रं नॅन्सी राज यांची. डिप डिप चाकाच्या खुर्चीत आहे आणि मांजरासाठी झाडावर चढते. गोष्ट मांजराची आहे. खुर्ची चित्रात आहे, जशी घरात असते तशी.

पहिलं पुस्तक तुमच्या वर्गाच्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवतं. म्हणूनच ते आधी वाचू नका.

ही चूक मी केली आहे. एका मुलीला कुणीतरी रंगावरून टोचून बोललं, आणि दुसऱ्याच दिवशी मी रंगावरचं पुस्तक काढलं. तिसऱ्या पानाला खोलीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली. ती पुढचे दोन आठवडे आली नाही. ज्या मुलावरून गोष्ट निघाली, त्याच्या दुखण्याचंच पुस्तक भर वर्गात वाचणं म्हणजे त्याला बाकावर उभं करणं. बाईंना सांगा, आधी महिनाभर दुसऱ्याच वेगळेपणाच्या गोष्टी वाचू द्या. बैल, चुस्कित, मांजर. अधूनमधून निव्वळ मजेच्या. चष्म्याची, उंचीची, घरी वेगळी भाषा बोलणाऱ्याची गोष्ट आली की प्रत्येक मुलाला कुठे ना कुठे आपलं काहीतरी सापडतं. मग हात धरायचं पुस्तक आलं तर ते अनेकांतलं एक असतं. आणि त्याआधी मुलीला घरी विचारा, "बाई हे वर्गात वाचणार आहेत, चालेल?" ती नाही म्हणाली तर नाही. तिच्या अंगावरच्या गोष्टीबद्दल वर्गात काय बोलायचं, याची परवानगी तिची हवी.

बाईंना आणखी दोन गोष्टी सांगता आल्या तर बघा. वाचताना ‘म्हणून मुलांनो’ हे दोन शब्द टाळायचे. आणि प्रश्न विचारायचाच असेल तर "यातून काय शिकलात?" याऐवजी "हा मुलगा त्या वेळी कुठे उभा होता?" किंवा "तुम्ही तिथे असता तर कुठे उभे राहिला असता?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला मुलं आपल्याला आवडेल ते उत्तर देतात, त्यांना ते पाठ असतं. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला मात्र थांबून चित्र बघावं लागतं. तेच पुस्तक आठवड्याने पुन्हा वाचायचं, आणि जमलं तर तिसऱ्यांदाही. सहा-सात वर्षांची मुलं पहिल्या वेळी गोष्टीमागे धावतात, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोपऱ्यातली माणसं बघतात.

आणि जे पुस्तकाचं कामच नाही, त्याबद्दल. मैत्रिणी डबा खायला शेजारी बसत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा त्यांच्या घरात असतं. "शिवू नकोस, तुला होईल", "माशांवर दूध प्यायलं की होतं", "कुष्ठरोगच तो" असं काहीबाही मुलांच्या कानावर पडतं. या भीतीवर बैलाच्या गोष्टीचा काही इलाज नाही. तिथे सरळ माहिती लागते. कोड शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, मासे आणि दूध यांच्याशी त्याचा संबंध नाही, कुष्ठरोगाशी नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी काही ठिकाणी नाहीशा होतात, एवढंच. हे बाईंनी पालकसभेत चार स्पष्ट वाक्यांत सांगावं, तुमच्या मुलीचं नाव न घेता, आणि शक्य असेल तर एखाद्या डॉक्टरांना बोलवावं. गोष्टीच्या आडून सांगितलं तर मोठी माणसं ऐकून सोडून देतात. आणि बाईंनी एक दिवस स्वतः तिच्याशेजारी बसून डबा खाल्ला, तिच्या डब्यातली पोळी घेतली, तर वर्गाला जे कळेल ते माझ्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकातून कळणार नाही.

आता तुमच्या लेकीकडे. तिला सध्या ‘वेगळेपणा’चं एकही पुस्तक आणू नका. तिला काय आवडतं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण असेल काहीतरी. मांजर, चंद्र, खोदकामाची यंत्रं, लग्नाचा बँड. त्याचं पुस्तक आणा. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. त्यांत घरातल्या एकेका माणसाबद्दल राधा सांगते. कुणी आदर्श नाही, प्रत्येकाची आपली तऱ्हा आहे आणि ती तऱ्हा राधाला माहीत आहे, इतकंच. हा मला आरसा वाटतो. डाग नसलेला, पण ‘आमच्याकडे असं असतं’ म्हणणारा. आत्ता ती जिथे जाते तिथे तिची ओळख तिच्या हातांपासून सुरू होते. पुस्तकात तरी तिला दुसरीकडून आत जाता यावं.

नंतर कधी तिने स्वतःहून विषय काढला, तर कोरी पानं शिवून वही करून द्या आणि तिचं पुस्तक तिला करू द्या. आमच्याकडे मुलं स्वतःची चित्रं काढतात तेव्हा ‘अंगाचा रंग’ म्हणून ठरलेला तो फिकट गुलाबी खडू मी डब्यातून काढून ठेवते. पोस्टर रंग देते आणि म्हणते, आपल्या हाताशी जुळेल असा रंग कालवा. कुणालाच एका रंगात जमत नाही. मनगटाची आतली बाजू वेगळी, कोपर वेगळं, नखं वेगळी. तुमच्या मुलीला पांढरा जरा जास्त लागेल. हे घरी, तुम्ही दोघींनी आणि शक्यतो तिच्या बाबांनीही करावं. वर्गात करायचं की नाही, ते तिने ठरवावं.

पुस्तकं मिळवण्याबद्दल थोडक्यात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. शाळेला हे सगळ्यात सोपं. फर्डिनांड आणि एल्मर इंग्रजीत मागवावे लागले तरी अडू नका. चित्रं दाखवत आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट मुलांना जास्त जवळची वाटते. दुकानात गेलात तर पाठीमागचा मजकूर वाचून घेऊ नका. तिथे प्रत्येक पुस्तक ‘वेगळेपणाचा उत्सव’ असतं. शेवटची दोन पानं उघडा आणि कसोटी लावा.

राहिला तिचा प्रश्न. "हे माझ्याबद्दल आहे का?" असं तिने पुन्हा विचारलं तर खरं उत्तर द्या. पुस्तक तिच्यासाठी म्हणूनच आणलेलं असेल तर सांगा, "हो, मी आणताना तुझा विचार केला होता. तुला नको असेल तर ठेवून देऊ." नसेल तर सांगा, "नाही, मला यातला बैल आवडला." आणि मग तिला वाचून दाखवू नका. तुम्हीच वाचत बसा. बैल बघायला ती येईल, आज नाही तर चार दिवसांनी.